नववीच्या मुलांसाठी जैवतंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक सत्र : आराखड्यावर मते हवी आहेत

विरजण

नमस्कार. आम्ही चौघे एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो आणि चौघांचेही शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात झाले आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व उपनगरातील एका मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेत, नववीच्या ४२ मुलामुलींसाठी, जैवतंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक सत्र घेण्याचे आम्ही कबूल केले आहे. मुख्याध्यापिकांनी सलग दोन तासिका, म्हणजे साधारण ७० मिनिटे दिली आहेत. प्रयोगशाळेत चार ओटे, एक बेसिन आणि विजेचे दोन चालू प्लग आहेत. सूक्ष्मदर्शक तीन आहेत, पण त्यांपैकी एकाचा आरसा निखळलेला आहे.

आमचा कच्चा आराखडा असा आहे. सुरुवातीला २० मिनिटे पडद्यावर चित्रे दाखवून इन्सुलिन, बीटी कापूस (बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेला) आणि क्रिस्पर (जनुकांत नेमका बदल करण्याचे तंत्र) यांची ओळख करून द्यायची. त्यानंतर मुलांचे पाच गट करून ते पाच ठिकाणी आळीपाळीने फिरवायचे. एका ठिकाणी केळ्यातून डीएनए काढणे, दुसऱ्या ठिकाणी यीस्टच्या वायूने फुगा फुगवणे, तिसऱ्या ठिकाणी दह्यातील जिवाणू सूक्ष्मदर्शकातून पाहणे, चौथ्या ठिकाणी खाद्यरंग जेलमधून वेगळे करणे आणि पाचव्या ठिकाणी अगारच्या (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या) तबकडीवर बोटांचे ठसे घेऊन त्यांतून जिवाणू वाढवणे. खर्च ३,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे. ज्यांनी शाळांमध्ये असे काही केले आहे त्यांनी यातील चुका निःसंकोच दाखवाव्यात.

खडूडस्टर

तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे निःसंकोच या शब्दाचा पुरेपूर फायदा घेतो. तुमच्या ७० मिनिटांतील पहिली दहा मिनिटे मुले रांगेने येऊन बसण्यात आणि शेवटची दहा मिनिटे आवराआवरीत जातील. उरलेल्या पन्नासांतील वीस तुम्ही पडद्याला दिलीत, म्हणजे पाच प्रयोगांसाठी तीस मिनिटे राहिली. एका ठिकाणी सहा मिनिटे आणि भोवती आठ-नऊ मुले, असा हा हिशेब होतो. यात ज्याच्या हातात चमचा असेल तो एकटा प्रयोग करतो, दोघे त्याला सूचना देतात आणि बाकीचे मागच्या मुलाशी गप्पा मारतात. हा मुलांचा दोष नव्हे.

माझ्या शाळेत एकदा बाहेरून पाहुणे आले होते. त्यांची चित्रे सुरेख होती, बोलणे त्याहून सुरेख होते, आणि शेवटी टाळ्याही कडकडून पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तेव्हा मुलांना पाहुण्यांच्या संगणकावर चिकटवलेले क्रिकेटचे चित्र तेवढे आठवत होते.

नववीच्या पुस्तकात ‘जैवतंत्रज्ञानाची ओळख’ हे प्रकरण आहे आणि दहावीच्या दुसऱ्या भागात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ आहे. व्याख्या त्यांना तिथे मिळतीलच. पुस्तकातून मिळणार नाही असे एकच काम निवडा, आणि ते प्रत्येक मुलाच्या हातून होईल असे पाहा. तिघांचा एक असे चौदा गट करा. तिघांच्या गटात कोणालाही हात बांधून उभे राहता येत नाही. चित्रांची वीस मिनिटे मात्र माझ्या मते पूर्ण काढून टाकावीत.

रसायनी

सरांशी सहमत आहे. एकच प्रयोग ठेवायचा तर डीएनए काढण्याचाच ठेवावा, कारण त्याला लागणारे सामान किराणा दुकान, मंडई आणि रसायनांचे दुकान एवढ्यावर भागते.

चौदा गटांसाठी अर्धा लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ आणि तीन मोठे चमचे भांडी घासण्याचा द्रव साबण असे द्रावण एकदमच करून न्यावे. साबण हलक्या हाताने मिसळावा, नाहीतर फेसच गाळत बसावे लागते. प्रत्येक गटाला पाव केळे पुरते. केळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटांनी कुस्करावे, त्यात दोन मोठे चमचे द्रावण घालावे, दहा मिनिटे थांबावे आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळावे. चहाच्या गाळणीने लगदा खाली येतो. गाळलेला द्रव नळीत साधारण दोन बोटे घेऊन त्यावर थंडगार अल्कोहोल नळीच्या भिंतीवरून अगदी सावकाश, तेवढ्याच उंचीपर्यंत सोडावे. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. त्यांच्या सीमेवर पांढरे तंतू जमू लागतात.

कारणे मुलांना सांगण्यासारखी आहेत. पेशीचे आणि केंद्रकाचे पटल मेदाचे असते, आणि साबण ताटाचा तेलकटपणा ज्या रीतीने काढतो त्याच रीतीने ते पटल मोडतो. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण प्रभार असतात, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना दूर लोटतात. मिठातील सोडिअमचे धन आयन ते प्रभार झाकतात आणि रेणू जवळ येऊ शकतात. अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून तो बाहेर पडतो.

अल्कोहोलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. हातावर चोळायचे सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी बरेच असते आणि वर जेलही असते. शुद्ध इथेनॉल घ्यायला गेलात तर अबकारी परवान्याचा प्रश्न येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्याण्णव टक्के शुद्धतेचे, अर्धा लिटर घ्या. प्रत्येक नळीला आठ-दहा मिलिलिटर लागते, त्यामुळे ते पुरून उरेल. आदल्या रात्री बाटली घट्ट बंद करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, ते गोठत नाही. मात्र ते सहज पेट घेते, त्यामुळे खोलीत बर्नर, उदबत्ती, काडेपेटी यांपैकी काहीही नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. लोकलमधून ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे, हेही विसरू नका. बाटली रिक्षाने किंवा स्वतःच्या गाडीने न्या. शाळेजवळ मासळी बाजार असेल तर सकाळी तिथून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घ्या, तो दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडतो. वासाकडे दुर्लक्ष करावे.

वाटाणा_हिरवा

मी मुंबईतच संशोधन करते आणि रोजचे काम डीएनएशीच आहे. रसायनी यांची कृती बरोबर आहे. तरीही एक शंका विचारते, कारण ती नववीतील एखादी मुलगी नक्की विचारेल आणि त्या वेळी चौघांपैकी कोणाकडे तरी उत्तर हवे. नळीत जे पांढरे दिसते ते डीएनएच आहे, हे कशावरून?

अल्कोहोलमध्ये फक्त डीएनए अवक्षेपित होतो, म्हणजे द्रावणातून वेगळा पडतो, असे नाही. पिकलेल्या फळात पेक्टिन (जेली घट्ट करणारा पदार्थ) असते, आणि तेही अल्कोहोलमध्ये बाहेर पडते. ज्यांच्या घरी पेरूची जेली होते त्यांना हे माहीत असेल. रस शिजवल्यावर त्यात पेक्टिन पुरेसे आहे का हे पाहण्यासाठी चमचाभर रस स्पिरिटमध्ये टाकतात आणि त्याची गुठळी जमते का ते बघतात. म्हणजे केळ्याच्या नळीतील त्या सुंदर ढगात डीएनए आहे, आरएनए आहे, काही प्रथिने आहेत आणि बरेचसे पेक्टिन आहे. चित्रफितींमध्ये मुठीएवढा गोळा काड्यांवर उचलून ‘हा पाहा डीएनए’ असे सांगतात, तेव्हा त्यातील किती भाग खरोखर डीएनए असतो हे कोणी सांगत नाही. डीएनएचा एक रेणू केवळ दोन नॅनोमीटर जाडीचा असतो. तो एकटा डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता.

महाविद्यालयात यासाठी डायफिनाइलअमाइनची चाचणी असते आणि त्यात डीएनए असल्यास निळा रंग येतो. पण तिला तीव्र आम्ले आणि उकळते पाणी लागते, तेव्हा शाळेत तिचे नावही काढू नये. शाळेत जे करता येते ते मला अधिक मोलाचे वाटते. प्रत्येक गटाला एक नळी जास्त द्या. तिला कंट्रोल म्हणा किंवा तुलनेची नळी म्हणा. कोणाच्या नळीत साबण नसेल, कोणाच्या नळीत केळेच नसेल, आणि कोणाच्या नळीत केळ्याऐवजी शिजवून गाळलेला पेरूचा रस असेल. या नळ्यांत काय दिसेल याचा अंदाज मुलांनी आधी कागदावर लिहावा. मग अल्कोहोल घालावे.

पालक_ठाणे_लोकल

मी शास्त्रज्ञ नाही, माझी मुलगी आठवीत आहे. बोटांच्या ठशांची तबकडी हा मुलांना सर्वांत आवडणारा भाग असतो, हे तिच्या शाळेत पाहिले आहे. ‘हात धुण्याआधी’ आणि ‘हात धुतल्यानंतर’ असे दोन ठसे शेजारी शेजारी पाहिल्यावर तिला घरी हात धुवायला सांगावे लागत नाही. तो भाग काढू नये असे वाटते.

विरजण

तो भाग आम्हालाही प्रिय आहे, पण याच धंद्यात असल्यामुळे त्याची भीतीही वाटते. तबकडीवर वाढते ते नेमके काय आहे, हे शाळेत सांगता येत नाही. परदेशांतील शाळांमध्ये अशा तबकड्या २५ अंशांच्या आसपास ठेवण्याची शिफारस असते, कारण माणसाच्या शरीरात रुळलेले रोगजंतू ३७ अंशांना जोमाने वाढतात आणि त्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मागे पडतात. मुंबईत बंद कपाटाचे तापमानच तिशीच्या घरात असते. शिवाय तबकडी एकदा चिकटपट्टीने बंद केली की ती पुन्हा कधीही उघडायची नाही, आणि शेवटी प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटे ठेवून मगच टाकायची. आम्ही एका दिवसाचे पाहुणे आहोत. तिसऱ्या दिवशी त्या तबकड्या कोणाच्या हातात असतील हे आम्हाला माहीत नसेल. कुतूहलाने कोणीतरी झाकण उघडणारच, आणि मीही त्या वयात उघडले असते. म्हणून हा भाग आम्ही करणार नाही. तबकड्या आमच्याकडे वाढवून, त्यांची छायाचित्रे मोठ्या आकारात छापून नेऊ.

चुनाभट्टी

एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. केळ्यातून डीएनए काढणे म्हणजे जैवतंत्रज्ञान नव्हे. सजीवाकडून माणसाने काहीतरी उपयोगाचे करवून घेतले तर ते जैवतंत्रज्ञान. एवढा एकच प्रयोग केलात तर मुले ‘साबण, मीठ आणि केळे म्हणजे बायोटेक’ असे समजून घरी जातील. खाद्यरंगांचे जेल तरी ठेवा. चायना ग्रासचे जेल, खायच्या सोड्याचे पातळ द्रावण, नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की झाले. दुकानातला हिरवा खाद्यरंग हा पुष्कळदा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू यांचे मिश्रण असतो. दोन्हींवर ऋण प्रभार असल्याने ते धन टोकाकडे सरकतात, पण वेगवेगळ्या वेगाने, आणि अर्ध्या तासात एका हिरव्या ठिपक्याचे पिवळा आणि निळा असे दोन ठिपके होतात. डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करण्याची खरी पद्धत हीच आहे, आणि १९८४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रिज यांना सापडलेल्या, व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या डीएनए ठशांपर्यंतचा रस्ता इथूनच जातो.

रसायनी

जेल उत्तम आहे, मीही केले आहे. पण चौदा गटांना सत्तर बॅटऱ्या लागतील आणि ३,००० रुपयांचा हिशेब तिथेच कोसळेल. भिंतीतल्या विजेवर ॲडॅप्टर जोडून हे कोणीही करू नये, ओल्या ओट्यावर तर मुळीच नाही. एकच जेल पुढच्या टेबलावर सुरुवातीला चालू करून ठेवावे आणि निघताना सगळ्यांनी पाहावे. मूळ आक्षेपाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, हे मान्य.

खडूडस्टर

आक्षेपाचे उत्तर पावात आहे. रसायनी यांच्या कृतीत साबण घातल्यावर दहा मिनिटे थांबायचे आहे. तुमचे सगळे बोलणे त्या दहा मिनिटांत बसवा. मुले हातातल्या पिशवीकडे बघत असतील, त्यामुळे ती ऐकतीलही.

तासिका सुरू होताना एका बाटलीत कोमट पाणी, साखर आणि कोरडे यीस्ट घालून तोंडावर फुगा चढवा. त्या दहा मिनिटांपर्यंत तो ताठ व्हायला लागलेला असतो. मग विचारा, सकाळी पाव कोणी खाल्ला? मुंबईत निम्मे हात वर येतील. पाव फुगवणारे यीस्ट ते हेच. आता हेच यीस्ट दुसरे एक काम करते हे सांगा. हिपॅटायटिस बी च्या विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घातले की यीस्ट ते प्रथिन तयार करते आणि त्याचीच लस होते. आपल्याकडे १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस बाजारात आणली. ही लस आता बाळ जन्मल्यावर देतात, त्यामुळे समोर बसलेल्या बहुतेक मुलांच्या दंडात किंवा मांडीत ती कधी ना कधी गेलेली आहे. एक सूक्ष्मजीव पाव करतो आणि लसही करतो, आणि फरक एवढाच की दुसऱ्या कामासाठी त्याच्या डीएनएमध्ये एक जनुक बाहेरून ठेवलेले आहे. मग म्हणा, तो डीएनए कसा दिसतो ते आता बघू. इन्सुलिन, कापूस, क्रिस्पर यांना त्या दिवशी सुट्टी द्या.

फक्त लसीसाठी वापरतात ती यीस्टची जात बेकरीतल्यापेक्षा वेगळी असू शकते, तेवढे जपून बोला.

जुने_परळ

लसीचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहरातील गोष्ट मुलांना सांगाच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत काही महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तुमचे सत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, हा योग चांगला आहे. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी ते मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत असे, जशा गुहेच्या छतावरून चुनखडीच्या कांड्या लोंबतात. नंतर उष्णतेने जंतू मारून लस करत. आपल्या घरातल्या तुपाला विज्ञानाच्या इतिहासात एवढी जागा मिळाल्याचे मला दुसरे उदाहरण माहीत नाही.

वाटाणा_हिरवा यांच्या तुलनेच्या नळीशी याचा थेट संबंध आहे. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांचे अन्न, कोठड्या, हवा सारखी असताना कोण आजारी पडतो हे पाहिले गेले. लस टोचलेल्यांत आजार कमी दिसला. टोचलेल्यांचीच आकडेवारी ठेवली असती तर त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

पालक_ठाणे_लोकल

गोष्ट सांगताना ‘तयार झालेल्या कैद्यांना’ या शब्दांवरही क्षणभर थांबावे, ही विनंती. कैद्याला नाही म्हणणे किती शक्य होते, हे नववीतील मुलांना कळते. आणि याच निमित्ताने आपल्या सत्रासाठी पालकांची लेखी संमती घेतली आहे का, तेही विचारते. छायाचित्रांसाठी वेगळी संमती असावी.

विरजण

संमतीपत्रे शाळेकडून गेली आहेत. छायाचित्रे फक्त हातांची आणि नळ्यांची काढू, चेहऱ्यांची नाही.

वाटाणा_हिरवा यांच्या प्रश्नामुळे शनिवारची रात्र स्वयंपाकघरात गेली. पाच काचेच्या पेल्यांत पाच प्रकार केले, आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते. केळ्याच्या पूर्ण कृतीत अपेक्षेप्रमाणे भरपूर पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला ढग आला. साबण न घातलेल्या पेल्यात काहीच येणार नाही असे मी घरच्यांना ठामपणे सांगितले होते, पण तिथेही थोडे आलेच. विचार केल्यावर कारण सापडले. कुस्करतानाच काही पेशी फुटतात, आणि पेक्टिनला तर साबणाची गरजच नसते. केळे नसलेल्या पेल्यात दोन थरांच्या मध्ये किंचित गढूळपणा दिसला, तंतू मात्र नव्हते. पेरूच्या रसाने सर्वांना चकित केले. त्यात जाड, जेलीसारखी गुठळी आली, दिसायला केळ्याच्या ढगाहून झकास. पण लाकडी काडी बुडवून हळूहळू फिरवली तेव्हा ती काडीवर गुंडाळली गेली नाही, घसरून पडली.

पाचव्या पेल्यात, सदस्यनामाचा मान राखून, ताजे हिरवे वाटाणे मीठ आणि थंड पाणी घालून मिक्सरमध्ये पंधरा सेकंद फिरवून, गाळून, मग साबण घालून घेतले होते. त्यातला अवक्षेप आकाराने सर्वांत लहान होता, पण काडीभोवती त्याचे बारीक, लांब तंतू सुताप्रमाणे गुंडाळले गेले. त्यामुळे आता सात गटांना केळे आणि सात गटांना वाटाणे द्यायचे ठरवले आहे. तुलनेच्या नळ्यांचे तीन प्रकार चिठ्ठ्या टाकून वाटू.

सासूबाईंनी उरलेल्या पेरूंची खरोखरच जेली केली, हे विषयांतर मान्य करून थांबते.

वाटाणा_हिरवा

साबणाशिवायही आले, हे मुलांना आधी सांगू नका. त्यांना ते स्वतः दिसू द्या आणि कारण शोधू द्या. आणि केळे कापताना मधले बारीक काळे ठिपके दाखवा. बाजारातली लांब केळी कॅव्हेंडिश जातीची असतात, त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि जागच्या जागी हे ठिपके उरतात. नवे झाड मुनव्यापासून (बुंध्याशेजारी फुटणाऱ्या कोंबापासून) किंवा ऊती संवर्धनातून (प्रयोगशाळेत झाडाच्या लहानशा तुकड्यापासून रोप वाढवून) करावे लागते. चुनाभट्टी यांना हवे असलेले जैवतंत्रज्ञान त्या ठिपक्यांतही आहे.

खडूडस्टर

भाषेबद्दल दोन शब्द. शाळा मराठी माध्यमाची असली तरी वर्गात सेमी इंग्रजीची मुले असतील आणि ती विज्ञान इंग्रजीतून शिकत असतील. फळ्यावर केंद्रक आणि न्यूक्लिअस, विकर आणि एन्झाइम असे दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवा आणि बोलताना जो ओठांवर येईल तो वापरा. आणि केळी एक डझन जास्त न्या. केळे समोर असताना ते खायचे नाही, हे त्या वयाला पटत नाही. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचे नाही हे एकदाच बजावा, आणि तासिका संपल्यावर हात धुवून झाले की व्हरांड्यात वाटा.

विरजण

सत्र काल झाले. सर्वांचे आभार मानण्याआधी वृत्तांत देते.

सरांनी सांगितलेली सुरुवातीची दहा मिनिटे प्रत्यक्षात अठरा झाली, कारण प्रार्थनेनंतर मैदानावर एक सूचना लांबली. पाच ठिकाणांचा आराखडा धरून ठेवला असता तर काल आमची फजिती झाली असती. फुगा दहा मिनिटांच्या थांब्यापर्यंत फुगला नाही, कारण थर्मासमधले पाणी कोमट राहिले नव्हते. बाटली उन्हात खिडकीवर ठेवल्यावर तो निघायच्या वेळी ताठ उभा राहिला. पावाचा प्रश्न विचारला तेव्हा निम्मे नव्हे, जवळजवळ सगळेच हात वर आले. भायखळ्याच्या तुरुंगाची गोष्ट ऐकून एका मुलाने विचारले की लस न टोचलेल्यांना नंतर ती दिली का. आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आम्ही तसे सांगितले.

अंदाज लिहिण्याच्या कागदांवर ‘साबण नसेल तर काहीही येणार नाही’ असे बहुतेकांनी लिहिले होते, अगदी माझ्याप्रमाणेच. नळीत पांढरे दिसू लागल्यावर एका गटाने आपला कागद हळूच उलटा करून ठेवला. त्यांना माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितल्यावर तो पुन्हा सुलटा झाला.

सर्वांत चांगला प्रसंग मात्र आमच्या योजनेत नव्हता. खिडकीजवळच्या तीन मुलींच्या गटाला ‘वाटाणा नाही’ ही चिठ्ठी आली होती. त्यांच्या तुलनेच्या नळीत नुसते मीठ, साबण आणि पाणी होते, तरीही अल्कोहोल घातल्यावर तीन-चार स्पष्ट तंतू तरंगू लागले. माझा सहकारी नळी बदलून द्यायला निघाला होता, मी त्याला थांबवले. तिघींनी शेजारच्या गटाची तीच नळी मागून आणली. तिच्यात तंतू नव्हते. मग त्यांनी आपण काय काय कोणत्या क्रमाने केले ते बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि पाच मिनिटांनी एकीने ओट्यावरची लाकडी काडी उचलून दाखवली. दोन्ही नळ्या त्यांनी एकाच काडीने ढवळल्या होत्या. नवी काडी आणि नवी नळी घेऊन त्यांनी ते पुन्हा केले आणि गढूळपणाखेरीज काही आले नाही. या चुकीसाठी आमच्या कामाच्या ठिकाणी औषधाची अख्खी बॅच अडवून ठेवतात आणि कारण सापडायला कधी कधी आठवडा लागतो.

हिरव्या रंगाच्या जेलपाशी निघताना गर्दी झाली, पण पिवळा आणि निळा पुरते वेगळे व्हायला अजून दहा मिनिटे हवी होती. जेल तसेच शाळेत ठेवून आलो. खर्च २,६४० रुपये झाला, त्यात बॅटऱ्या आणि जास्तीची केळी धरली आहेत.

आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण २०० मिलिलिटर उरले. विज्ञानाच्या बाईंनी ते नाव आणि ‘ज्वलनशील’ असे लिहून कुलुपाच्या कपाटात ठेवले आहे. त्यांना हाच प्रयोग ‘ब’ तुकडीसाठी स्वतः घ्यायचा आहे, पण चाचणी परीक्षेमुळे तो मार्चमध्येच जमेल, आणि तोपर्यंत ताजा वाटाणा महाग झालेला असेल. त्याऐवजी काय वापरावे, असे त्यांनी विचारले आहे.

खडूडस्टर

किराणा दुकानातील सुके हिरवे वाटाणे रात्रभर भिजत घालावेत. मिक्सरला थोडा जास्त वेळ लागेल आणि दोनदा गाळावे लागेल. काड्या मात्र प्रत्येक गटाला दोन द्याव्यात, आणि एकीच्या टोकाला शाईची खूण करावी.

वाटाणा_हिरवा

खूण नको. एकीलाच खूण केली तर काडी का बदलायची हे कोणी विचारणार नाही.

खडूडस्टर

मान्य. बाईंना खूण न करता दोन काड्या द्यायला सांगा.